रात्रीचा थांबा आणि विमानतळावरचे हॉटेल: निव्वळ झोपेचा हिशेब

परदेशातील एखाद्या विमानतळावर रात्री उतरायचे, सकाळी तिथूनच पुढचे विमान पकडायचे आणि मधल्या आठ-दहा तासांत कुठेतरी पाठ टेकायची, एवढ्याच कामासाठी घेतलेल्या हॉटेलाचे मोजमाप सुटीतल्या हॉटेलासारखे करता येत नाही. खोली किती ऐसपैस आहे, खिडकीतून काय दिसते, नाश्त्याला किती पदार्थ असतात, यांवर लिहिलेली परीक्षणे आणि त्यांतून जमलेले तारे पाहून मी पूर्वी निवड करत असे, आणि बहुतेक वेळा सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी पुढच्या विमानात बसत असे. अशा बऱ्याच रात्री काढल्यानंतर माझ्यापुरता एकच निकष उरला आहे. एका विमानाच्या दारातून बाहेर पडल्यापासून दुसऱ्या विमानाच्या दारात शिरेपर्यंतच्या वेळेपैकी प्रत्यक्ष अंथरुणावर किती तास मिळतात, हे मी आधी मोजतो. याला मी निव्वळ झोप म्हणतो, आणि या लेखात निरनिराळ्या प्रकारच्या हॉटेलांना जे गुण दिले आहेत ते याच मापाने दिले आहेत.

हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, विमान रात्री साडेदहाला उतरते आणि पुढचे विमान सकाळी साडेआठला सुटते. तिकिटावर दहा तासांचा थांबा दिसतो आणि माणूस सहज म्हणतो, सात-आठ तास तर कुठेच गेले नाहीत. आता शटल बसने जाण्याजोगे, विमानतळाबाहेरचे हॉटेल घेतले असे धरू. विमान धावपट्टीवरून गेटपाशी येऊन दार उघडेपर्यंत आणि आपण बाहेर पडेपर्यंत अर्धा तास जातो. इमिग्रेशनच्या रांगेत, त्या वेळी आणखी दोन-तीन विमाने उतरली असतील तर, तासभर सहज जातो. शटलचा थांबा शोधणे, बसची वाट पाहणे आणि प्रवास यांत पाऊण तास, आणि आपल्यासारखेच दहा जण त्याच बसमधून उतरल्यामुळे हॉटेलच्या काउंटरवर आणखी वीस मिनिटे. अंग धुऊन अंथरुणावर पडेपर्यंत दीड वाजतो. सकाळी साडेआठच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी साडेपाचला टर्मिनलमध्ये हजर राहायचे, म्हणजे पाचची शटल आणि सव्वाचारचा गजर. हाती आले पावणेतीन तास. याच रात्री इमिग्रेशनच्या अलीकडे, ट्रान्झिट भागातच खोली घेतली असती, तर साडेअकरापर्यंत झोपता आले असते आणि पुढचा बोर्डिंग पास हातात असल्यामुळे सकाळी साडेसहाला उठूनही घाई झाली नसती. सात तास. एकाच थांब्यात सव्वाचार तासांचा फरक पडतो, आणि हॉटेलांच्या याद्या दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर तो दिसत नाही.

म्हणूनच माझ्या लेखी पहिला क्रमांक ट्रान्झिट भागातील, म्हणजे सुरक्षेच्या आतल्या बाजूच्या हॉटेलांचा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १ मध्ये एरोटेल आहे, दोहाच्या हमाद विमानतळावर ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल आहे, दुबईला टर्मिनल ३ मध्ये दुबई इंटरनॅशनल हॉटेल, क्वालालंपूरला समा-समा एक्स्प्रेस, आणि ॲम्स्टरडॅमच्या स्किपोलवर पासपोर्ट तपासणीच्या आत मर्क्युर आणि योटेलएअर अशी दोन हॉटेले आहेत. यांपैकी बऱ्याच ठिकाणी खोली रात्रीच्या हिशेबाने न मिळता तासांच्या हिशेबाने मिळते आणि घड्याळ आपण काउंटरवर नाव सांगितल्यापासून सुरू होते. थांब्यासाठी याहून सोयीची पद्धत नाही. पहाटे दोनला पोहोचलेल्या माणसाला दुपारी तीनच्या चेक-इनच्या नियमाशी झगडावे लागत नाही आणि सकाळी सातला निघणाऱ्याला बाराच्या चेक-आउटचे पैसे भरावे लागत नाहीत. मात्र विमान उशिरा आले तर घेतलेले तास पुढे सरकवून मिळतील का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे, कारण गर्दीच्या मोसमात आपल्या पाठोपाठ त्याच खोलीसाठी दुसऱ्याचे नाव लागलेले असते.

या हॉटेलांविषयीची सर्वांत मोठी तक्रार असते ती खोलीच्या आकाराची आणि खिडकी नसल्याची. मला ही तक्रार पटत नाही. सहा-सात तासांत आपण खोलीत जागे असतो ते फार तर तासभर, आणि ज्याचे शरीर अजून दुसऱ्याच देशाच्या वेळेवर चालते आहे त्याच्यासाठी पूर्ण अंधार ही चैन नसून गरज आहे. डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेलाटोनिन या झोप आणणाऱ्या संप्रेरकाचे स्रवणे दाबतो. विमानतळाच्या परिसरात रात्रभर चालू असणारे दिवे अर्धवट मिटलेल्या पडद्यातून आत येत असतील, तर मोठी खिडकी हे त्या खोलीचे न्यूनच ठरते. बंद खोलीत हवा खेळती आहे का आणि गारवा आपल्याला कमी-जास्त करता येतो का, हे मात्र मी जरूर पाहतो. काही ठिकाणी संपूर्ण मजल्याचे तापमान एकच असते आणि पहाटे थंडीने जाग येते.

आतल्या बाजूचे हॉटेल घेण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा न केल्यास पैसे वाया जातात. पुढच्या प्रवासाचा बोर्डिंग पास आधीच हातात असला पाहिजे, किंवा ट्रान्सफर डेस्कवर तो मिळण्याची खात्री असली पाहिजे. दोन प्रवास दोन वेगळ्या तिकिटांवर असतील आणि दुसऱ्या कंपनीचे काउंटर फक्त बाहेरच्या बाजूला असेल, तर आतली खोली नोंदवूनही तिचा उपयोग होत नाही. मोठ्या बॅगेचेही तसेच आहे. ती शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदवलेली असेल तर रात्री आपल्या हाती येणार नाही, म्हणून औषधे, एक कपड्यांचा जोड, चष्मा, चार्जर हे सर्व हातातल्या सामानात हवे. आणि ती मधल्या विमानतळापर्यंतच नोंदवलेली असेल तर पट्ट्यावरून घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावेच लागेल. पहिल्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरची तीन अक्षरे कोणत्या शहराची आहेत, हे तिथेच उभे राहून वाचावे. रात्रीचा थांबा मोठा असला की काही कंपन्या बॅग मधल्या ठिकाणीच उतरवतात, आणि हे सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे हॉटेल नेमके कोणत्या बाजूला आहे. इस्तंबूलच्या नव्या विमानतळावरचे योटेल याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे साडेचारशेहून अधिक खोल्या असून त्यांतील काही आतल्या बाजूला आणि काही बाहेरच्या बाजूला आहेत. नाव एक, इमारत एक, पण नोंदणी करताना निवडायचा प्रकार निराळा. ज्याला देशात प्रवेशाचा व्हिसा नाही त्याने चुकून बाहेरची खोली घेतली तर तो आपल्या खोलीपासून काही भिंतींच्या अंतरावर, प्रतीक्षालयातल्या खुर्चीत रात्र काढील. हॉटेल चांगले आहे यात शंका नाही, परंतु ही चूक करणे तिथे फार सोपे आहे, आणि नोंदणीच्या पानावरची ती एक ओळ नीट वाचणे हेच तिथले खरे काम आहे.

व्हिसाचा प्रश्न हॉटेलच्या आधी सोडवावा लागतो, आणि अनेकांचा क्रम नेमका उलटा असतो. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळा ट्रान्झिट भागच ठेवलेला नसतो. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला, पुढचे विमान दोन तासांत असले तरी, देशात प्रवेशाची तपासणी पार करावी लागते. त्यामुळे अमेरिकेतील थांब्यात आतले हॉटेल शोधणे व्यर्थ आहे. ब्रिटनमध्ये ट्रान्झिटचे दोन वेगळे व्हिसा आहेत, एक आतल्या बाजूलाच राहणाऱ्यांसाठी आणि दुसरा सीमा ओलांडून बाहेर येणाऱ्यांसाठी. आणि हीथ्रोवर टर्मिनलला जोडलेली किंवा टर्मिनलमध्ये असलेली जी हॉटेले आहेत, मग ते टर्मिनल ५ चे सोफिटेल असो वा टर्मिनल ३ च्या आगमन कक्षातले एरोटेल, ती सीमेच्या बाहेरच्या बाजूला आहेत. पहिल्या प्रकारचा व्हिसा घेऊन त्यांपैकी कुठेही जाता येत नाही. शेंगेन देशांच्या, म्हणजे आपापसांतल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या, विमानतळ-ट्रान्झिट व्हिसावरही आंतरराष्ट्रीय भागाबाहेर पाऊल टाकता येत नाही. शिवाय प्रवासात एकापाठोपाठ एक असे दोन शेंगेन विमानतळ येत असतील, तर त्या दोहोंमधले उड्डाण शेंगेनच्या अंतर्गत धरले जाते आणि पहिल्याच विमानतळावर सीमा ओलांडावी लागते. तेव्हा ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही. कोणत्या पासपोर्टला काय लागते हे बदलत असते, म्हणून संबंधित देशाच्या सरकारी पानावर प्रवासाच्या महिन्यातच पाहावे. हॉटेलच्या मदतकक्षाने दिलेल्या उत्तरावर मी या बाबतीत कधीही विसंबत नाही.

बाहेर पडणे शक्य किंवा अपरिहार्य असेल, तर दुसरा क्रमांक टर्मिनलला चालत जोडलेल्या हॉटेलांचा. म्युनिकला हिल्टन दोन टर्मिनलांच्या मधोमध उभे आहे, फ्रँकफर्टला शेरेटनकडे टर्मिनल १ मधून पादचारी पुलाने जाता येते, व्हँकूव्हरचे फेअरमाँट तर टर्मिनलच्या इमारतीतच आहे, आणि सिंगापूरचे क्राउन प्लाझा टर्मिनल ३ ला लागून आहे. या हॉटेलांत शटलचा पाऊण तास दोन्ही वेळा वाचतो आणि, मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, पहाटेची धास्ती वाचते. शटल चुकेल या भीतीने तासातासाला जाग येणाऱ्या माणसाची झोप घड्याळात भरते, अंगाला मात्र ती लागत नाही. ही हॉटेले सहसा महाग असतात. केवळ खोलीचे भाडे पाहिले तर बाहेरच्या हॉटेलाशी त्यांची तुलना होत नाही. पण भाड्याला निव्वळ झोपेच्या तासांनी भागले, आणि बाहेरच्या हॉटेलच्या बाजूला टॅक्सीचे किंवा सशुल्क शटलचे दोन्ही वेळचे पैसे मिळवले, की चित्र बरेच बदलते. प्रत्येक वेळी बदलते असे नाही, म्हणूनच हा भागाकार दर वेळी करावा.

जोडलेले हॉटेल म्हणताना ते कोणत्या टर्मिनलला जोडलेले आहे, हा प्रश्न सुटता कामा नये. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावरील टीडब्ल्यूए हॉटेल हे मे २०१९ मध्ये उघडले. वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांनी आखलेली आणि १९६२ मध्ये खुली झालेली टर्मिनलची इमारत जतन करून तिच्या दोन्ही बाजूंना ५१२ खोल्या बांधल्या आहेत. विमानप्रवासाविषयी थोडेही प्रेम असलेल्या माणसाने ती वक्र छपरे एकदा पाहावीत असे मला मनापासून वाटते, आणि धावपट्टीकडच्या खोल्यांना अनेक पदरी जाड काच बसवलेली असल्यामुळे विमाने दिसतात पण त्यांचा आवाज आत फारसा येत नाही. परंतु चालत जाण्याजोगे आहे ते फक्त टर्मिनल ५. आपले पुढचे विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर टर्मिनलांना जोडणारी एअरट्रेन ही रेल्वे घ्यावी लागते आणि हिशेबात आणखी वीस-पंचवीस मिनिटे धरावी लागतात. सिंगापूरला टर्मिनल १, २ आणि ३ एकमेकांना स्कायट्रेनने जोडलेली आहेत, टर्मिनल ४ साठी मात्र बस आहे. टोकियोच्या हानेदाला टर्मिनल ३ मध्ये रॉयल पार्क हॉटेल आहे आणि तिथे ट्रान्झिट प्रवाशांसाठी आतल्या बाजूच्याही खोल्या आहेत. पण देशांतर्गत विमान टर्मिनल १ किंवा २ वरून असेल तर सकाळी तिथे वेगळे पोहोचावे लागते. आणि ज्याचे एक विमान हानेदाला उतरून दुसरे नारितावरून सुटते त्याने हॉटेल सकाळच्या विमानतळाजवळ घ्यावे. रात्रीचा प्रवास थकवतो, पण त्यात झालेल्या उशिराने विमान चुकत नाही.

आता शटलवरच्या हॉटेलांकडे वळतो. माझ्या कटू अनुभवांपैकी बहुतेक इथलेच आहेत. एका युरोपीय शहरात मी केवळ नावात ‘एअरपोर्ट’ हा शब्द आहे आणि नकाशावर अंतर तीन किलोमीटर दिसते म्हणून एक हॉटेल नोंदवले होते. ते तीन किलोमीटर धावपट्टीच्या आरपार सरळ रेषेत मोजलेले होते. रस्त्याने धावपट्टीला वळसा घालून जावे लागत होते आणि प्रत्यक्ष अंतर चौपट भरले. त्याहून वाईट म्हणजे हॉटेलच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली शटल रात्री अकरानंतर बंद होती, आणि माझे विमान अकरा वाजून दहा मिनिटांनी उतरले होते. टॅक्सीच्या रांगेत चाळीस मिनिटे उभे राहून मी पोहोचलो तेव्हा काउंटरवर एकच मनुष्य होता, आणि तो अत्यंत नम्रपणे सांगत होता की सकाळची पहिली शटल सहाला निघते. माझे विमान सव्वासातचे होते. त्या रात्री मला दोन तासांची झोप आणि दोन टॅक्सींचा भुर्दंड मिळाला. खोली स्वच्छ होती, गादी उत्तम होती, आणि त्या हॉटेलला भरपूर तारे मिळालेले होते. कारण ते तारे आपल्या गाडीने येऊन दोन दिवस राहणाऱ्यांनी दिलेले होते.

तेव्हापासून शटलबद्दल मी हॉटेलला लेखी विचारतो आणि उत्तर जपून ठेवतो. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, फेऱ्यांमध्ये अंतर किती, भाडे आहे की नाही, जागा आधी राखावी लागते का, बस कोणत्या टर्मिनलच्या कोणत्या दारापाशी थांबते, आणि ती एकाच हॉटेलची आहे की पाच हॉटेलांना वळसे घेत जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार महत्त्वाचे असते. नोंदणीपूर्वीच्या या प्रश्नांना ज्या हॉटेलकडून मोघम उत्तर येते किंवा उत्तरच येत नाही, ते हॉटेल मी सोडून देतो, मग भाडे कितीही कमी असो.

तारखेचा घोटाळा वेगळा सांगायला हवा, कारण त्यात अनुभवी प्रवासीही फसतात. विमान १४ तारखेला रात्री बारा वाजून पन्नास मिनिटांनी उतरत असेल तर खोली १३ तारखेच्या रात्रीची घ्यावी लागते. १४ ची घेतली तर हॉटेलच्या दृष्टीने आपण चौदा तास आधी आलेले असतो आणि खोली दुपारी मिळते. याउलट १३ ची नोंदणी करून मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्याची खोली, तो आलाच नाही असे समजून, सोडून दिली जाण्याचा धोका असतो. एकदा माझ्या बाबतीत असे घडले आहे: पैसे आगाऊ भरलेले असूनही दिवस संपताच माझे नाव यादीतून निघाले होते, आणि पहाटे दोनला दुसरी खोली मिळेपर्यंत मला अर्धा तास उभे राहावे लागले. उपाय सोपा आहे. नोंदणी करताना विमानाचा क्रमांक आणि स्थानिक वेळेनुसार पोहोचण्याची वेळ टिपणीत लिहावी, आणि विमानात चढण्यापूर्वी हॉटेलला एक संदेश पाठवावा. विमानाला उशीर झाला तर तो संदेश पुन्हा पाठवावा.

रात्रीच्या उड्डाणबंदीचा विचार हॉटेल निवडताना क्वचितच कोणी करते, पण तिचा परिणाम थेट आपल्या झोपेवर होतो. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियोजित उड्डाणे बंद आहेत. सिडनीला रात्री अकरा ते सकाळी सहा बंदी आहे. हीथ्रोवर रात्रीच्या उड्डाणांची वार्षिक संख्या ठरवून दिलेली आहे. अशा विमानतळाजवळ राहिल्यास मध्यरात्रीनंतर शांतता मिळते, हा लाभ झाला. दुसरी बाजू अशी की बंदी उठताच सकाळी पाच-सहापासून विमाने एकामागून एक येऊ लागतात, आणि ज्याचे पुढचे विमान दुपारी आहे त्याने धावपट्टीकडची खोली घेतली असेल तर त्याची पहाटेची झोप गेलीच. ज्या विमानतळांवर रात्रभर ये-जा असते तिथे आवाजापासूनचे संरक्षण हा हॉटेलचा दुय्यम गुण राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत चांगल्या झोपेसाठी शयनगृहातील अखंड आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि अधूनमधून येणारा एखादा मोठा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. तुलनेसाठी, आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे कॉरिडॉरमध्ये चाकांच्या बॅगा ओढत बोलत जाणारे दोन प्रवासीसुद्धा झोपमोड करायला पुरेसे आहेत, आणि विमानतळावरच्या हॉटेलात असे प्रवासी रात्रभर येत-जात असतात. माझ्या अनुभवात विमानांपेक्षा हा कॉरिडॉरचा आणि आपोआप धाडकन मिटणाऱ्या दारांचा आवाज जास्त त्रास देतो. म्हणून मी लिफ्टपासून आणि बर्फाच्या यंत्रापासून दूरची, कॉरिडॉरच्या टोकाची खोली मागतो, आणि ती बहुतेक वेळा मिळते. परीक्षणे वाचताना दाराखालून येणारा उजेड, शेजारच्या खोलीतले बोलणे, बाथरूमच्या पाइपांचा आवाज यांचे उल्लेख शोधतो. नाश्त्याचे परिच्छेद सोडून देतो.

कॅप्सूल हॉटेलांबद्दल, म्हणजे खोलीऐवजी एका माणसाला झोपण्यापुरता कप्पा देणाऱ्या हॉटेलांबद्दल, माझे मत इतरांपेक्षा थोडे सावध आहे. कल्पना जपानची, वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी आखलेले पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकात सुरू झाले. २००७ मध्ये लंडनच्या गॅटविकवर पहिले योटेल उघडले आणि लहान, पण दार बंद करता येणारी केबिन विमानतळांवर रुळली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात घ्यावे. केबिनला भिंती, दार आणि स्वतःचे न्हाणीघर असते. कॅप्सूलला बहुधा पडदा असतो, न्हाणीघर सामायिक असते आणि सामान लॉकरमध्ये ठेवावे लागते. नारिताच्या टर्मिनल २ मधील नाइन अवर्समध्ये पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगळे भाग आहेत आणि व्यवस्था नेटकी आहे. एकट्याने, थोडक्या सामानासह प्रवास करणाऱ्या आणि गाढ झोपेच्या माणसासाठी ती योग्य आहे. पण वीस-तीस माणसे एकाच दालनात झोपलेली असताना प्रत्येकाचा गजर वेगळ्या वेळी वाजतो. हलक्या झोपेच्या माणसाला, लहान मूल बरोबर असलेल्याला आणि जोडप्याला मी कॅप्सूल सुचवणार नाही. सहा तासांपेक्षा कमी थांबा असेल तर मात्र लाउंजमधल्या आरामखुर्चीपेक्षा ती केव्हाही चांगली.

हॉटेल नोंदवण्यापूर्वी विमान कंपनीला एकदा विचारावे, कारण काही कंपन्या लांब थांब्यासाठी स्वतः खोली देतात. एमिरेट्सची ‘दुबई कनेक्ट’ ही अशी सोय आहे आणि इथिओपियन एअरलाइन्सही अदिस अबाबाला पात्र प्रवाशांना खोली देते. अट साधारण अशी असते की त्याहून लवकरचे जोडउड्डाण उपलब्ध नसावे. आपण स्वस्त तिकिटासाठी मुद्दाम लांब थांबा निवडला असेल तर ही सोय मिळत नाही, आणि अनेकदा मागणी प्रवासापूर्वीच नोंदवावी लागते. विमान रद्द झाल्यामुळे किंवा फार उशीर झाल्यामुळे रात्र काढावी लागली, तर गोष्ट पूर्ण वेगळी. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार तिथून निघणाऱ्या प्रवाशाला कंपनीने हॉटेल आणि विमानतळापासून हॉटेलपर्यंतची ने-आण विनामूल्य द्यायची असते, आणि खराब हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असले तरी ही जबाबदारी सुटत नाही. ही सोय मागण्यासाठी कंपनीच्या काउंटरवरच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने घाईने खोली घेऊ नये. घ्यावीच लागली तर पावती जपावी.

सकाळी पुन्हा सुरक्षा तपासणीतून जाताना बाहेरच्या हॉटेलातल्या प्रवाशांचे एक नुकसान हमखास होते. आधीच्या विमानतळावर करमुक्त दुकानातून घेतलेली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली मोहोरबंद पिशवीत असते आणि ती ट्रान्झिटमध्ये चालते. पण रात्री हॉटेलात ती पिशवी उघडली, तर सकाळी बाटली तिथेच सोडावी लागते. पट्ट्यावरून बॅग घेतलेली असेल तर बाटली तिच्यात घालावी. बॅग पुढे गेलेली असेल तर पिशवीची मोहोर जशीच्या तशी ठेवावी, आणि तरीही ती स्वीकारली जाईलच असे धरू नये.

गेल्या वर्षी आईला बरोबर घेऊन मी असाच एक थांबा केला. तिला लांब चालवत नाही, म्हणून व्हीलचेअरची मदत मागितली होती. युरोपच्या विमानतळांवर ही मदत देणे युरोपीय संघाच्या ११०७/२००६ या नियमाने विमानतळाच्या व्यवस्थापनावर बंधनकारक आहे आणि ती किमान ४८ तास आधी कळवायची असते. कळवलेली असली की मदतनीस विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, बॅगेचा पट्टा आणि आगमन कक्षापर्यंत सोबत करतो. मात्र बहुतेक ठिकाणी त्याची हद्द टर्मिनलपाशी संपते. शटलच्या पायऱ्या, हॉटेलच्या दारापुढचा चढ आणि सकाळी तोच सगळा मार्ग उलट्या दिशेने, हे आपल्यावर राहते. म्हणून त्या वेळी मी बाहेरची निम्म्या भाड्याची खोली सोडून टर्मिनलला पुलाने जोडलेले हॉटेल घेतले. मदतनीसाने आईला पुलाच्या तोंडापर्यंत आणून सोडले, तिथून काउंटर साठ-सत्तर पावलांवर होते, आणि ते अंतर ती माझा हात धरून चालली. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा आणि बसायला स्टूल आहे का, हे मी आधी लिहून विचारले होते, आणि ते दोन्ही होते. आई साडेअकराला झोपली आणि सकाळी सहाला आपणहून उठली.